गाडीची बॅटरी कशाने मरते?

गेल्या शंभर वर्षांत मोटारगाडीत काय बदलले नाही? इंधन सोडायचे काम कार्ब्युरेटरकडून संगणकाकडे गेले, काचा बटणावर आल्या, चावी खिशातच राहू लागली. बोनेटखालची बॅटरी मात्र अजून त्याच जुन्या तत्त्वावर चालते. गास्तों प्लान्ते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी पहिली बॅटरी बनवली. पुढे १८८१ च्या सुमारास कामिय फोर याने पत्र्यांवर शिशाच्या संयुगाचा लेप देण्याची रीत काढली आणि बॅटरी कारखान्यात बनवण्याजोगी झाली. आज पिंपरी-चिंचवडच्या रस्त्यावर धावणाऱ्या नव्याकोऱ्या गाडीतली दहा-पंधरा किलोची पेटीही त्याच घराण्यातली आहे.

मोटारीत या पेटीला मानाचे स्थान मिळाले ते १९१२ साली. त्याआधी इंजिन सुरू करायचे म्हणजे समोर उभे राहून हँडल मारायचे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडायचे. चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याने बनवलेला विजेवरचा स्टार्टर त्या वर्षी कॅडिलॅक गाड्यांत बसला. आपले मेकॅनिक त्यालाच ‘सेल्फ’ म्हणतात. बॅटरीचे मुख्य काम आजही तेच आहे: एक-दोन सेकंदांसाठी शे-दोनशे अँपियरचा जोरकस प्रवाह सेल्फला द्यायचा आणि बाजूला व्हायचे. इंजिन सुरू झाले की गाडीची वीज अल्टरनेटर पुरवतो, बॅटरीलाही तोच भरतो.

पेटीच्या आत

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा सेल असतात. प्रत्येक सेल साधारण २.१ व्होल्टचा. सेलमध्ये शिशाच्या जाळीवर लेप दिलेल्या प्लेटा एकाआड एक उभ्या असतात. धन प्लेटेवर लेड डायऑक्साइड, ऋण प्लेटेवर सच्छिद्र शिसे, मध्ये विलग ठेवणारे पातळ सेपरेटर आणि भोवती पाणी मिसळलेले गंधकाम्ल. वीज वापरली जाते तसे ॲसिडातले सल्फेट दोन्ही प्लेटांवर जाऊन बसते आणि ॲसिड पातळ होते. चार्ज करताना तेच सल्फेट प्लेटा सोडून पुन्हा ॲसिडात येते. म्हणूनच ॲसिडाचा दाटपणा पाहिला की बॅटरीत किती जीव आहे ते कळते.

जुन्या धाटणीची, झाकणे उघडणारी बॅटरी तपासायला आली की बॅटरीवाला हायड्रोमीटर काढतो. रबरी फुगा दाबून सेलमधले ॲसिड काचेच्या नळीत ओढतो. नळीतला तरंगणारा काटा वर आला तर ॲसिड दाट आहे, खाली बसला तर पातळ. काट्यावर हिरवा, पांढरा, लाल पट्टा असतो. पाण्याच्या तुलनेत सव्वापट जड ॲसिडाला तो ‘ग्रॅव्हिटी १२५०’ म्हणतो आणि समाधानाने पुढच्या सेलकडे वळतो. पाच सेल १२५० ला आणि एक ११५० ला आढळला, तर बहुधा निकाल लागला असे समजावे. सहा सेल एकापुढे एक जोडलेले असल्याने एक खचला की बाकीच्या पाचांचा जोर वाया जातो.

तीन शत्रू

आपल्याकडे मोटारीची बॅटरी साधारण तीन ते पाच वर्षे टिकते. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत एकीची बॅटरी अडीच वर्षांत जाते आणि दुसरीची सहा वर्षे ओढते, त्याला नशिबापेक्षा तीन कारणे जास्त जबाबदार असतात.

पहिले, उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. बॅटरीच्या आत नको असलेल्या क्रियाही त्यात आल्या: धन प्लेटेची जाळी गंजते, पाणी उडते, लेप सुटून तळाशी गाळ साचतो. अकोला-चंद्रपूरचा उन्हाळा पंचेचाळीस अंशांना टेकतो आणि बोनेटखाली त्याहून कितीतरी जास्त तापते. गंमत अशी, की बॅटरीचे नुकसान मे महिन्यात होते आणि ते उघडकीस येते डिसेंबरच्या पहाटे. थंडीत इंजिनातले तेल घट्ट होते, बॅटरीतल्या क्रिया मंदावतात आणि उन्हाळ्यात अर्धी मेलेली बॅटरी नाशिक-महाबळेश्वरच्या गारठ्यात हात टेकते. लोक दोष थंडीला देतात.

दुसरे, अर्धवट भरलेली अवस्था. प्लेटांवर बसलेले सल्फेट सुरुवातीला मऊ, बारीक कणांचे असते आणि चार्जिंगने निघते. बॅटरी आठवडेच्या आठवडे उतरलेली राहिली की त्याचे कठीण स्फटिक होतात. मग ते निघत नाहीत आणि प्लेटेचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. करोनाच्या टाळेबंदीत सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या कितीतरी गाड्यांच्या बॅटऱ्या याच कारणाने गेल्या. उभी गाडी वीज खात नाही हा समज चुकीचा आहे. अलार्म, घड्याळ, कुलपांचा रिसीव्हर यांची मिळून पन्नास मिलिअँपियरची गळती धरली तरी दिवसाला १.२ अँपियर-तास जातात. लहान गाडीची बॅटरी ३५ अँपियर-तासांची असते. पंधरा दिवसांत ती निम्मी होते. त्यात बाजारातून बसवलेला डॅशकॅम किंवा ट्रॅकर रात्रभर चालू असेल तर विचारायलाच नको.

रोज दोन किलोमीटर गाडी चालवणाऱ्यांचीही स्थिती फार वेगळी नसते. खरे तर एका स्टार्टला वीज फारच थोडी लागते. दीडशे अँपियर दोन सेकंद म्हणजे एका अँपियर-तासाचा दहावा हिस्सासुद्धा नाही. अडचण पुढे आहे. बॅटरी भरत आली की चार्ज सावकाश घेते आणि शेवटच्या टप्प्याला काही तास लागतात. मुंबईच्या पावसात वायपर, दिवे आणि एसी चालू, गाडी सिग्नलला आणि इंजिन आयडलवर, अशा वेळी भरायला फारसे उरतच नाही.

तिसरा शत्रू, हादरे. क्लॅम्प सैल असेल तर खड्ड्यागणिक पेटी आदळते, लेप झडतो, आतला जोड तुटू शकतो. पकडपट्टी घट्ट करायला एक पाना पुरतो.

दहा मिनिटांची निगा

मल्टिमीटर जवळ ठेवावा. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे. १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२ ला आली तर पाव उरली. सेल्फ मारताना आकडा साडेनऊच्या खाली गेला तर बॅटरी दमली आहे. इंजिन चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी दिसले तर दोष अल्टरनेटरमध्ये, बेल्टमध्ये किंवा वायरिंगमध्ये असू शकतो. नवी बॅटरी टाकूनही तीच रड राहील. पंधराच्या वर गेले तर रेग्युलेटर बिघडलेला असावा. अशा वेळी बॅटरीची बाजू फुगते, सडक्या अंड्यासारखा वास येतो. वास आला की गाडी बंद करून मेकॅनिकला गाठावे. झाकणावरच्या हिरव्या डोळ्यावर विसंबू नये. तो सहापैकी एकाच सेलची खबर देतो.

टर्मिनलवर पांढरी-निळसर पावडर जमली की प्रवाह अडतो. आधी ऋण केबल काढावी, मग धन. खायचा सोडा गरम पाण्यात कालवून जुन्या ब्रशने घासावे. बुडबुडे थांबले की ॲसिड संपले. कोरडे करून आधी धन, शेवटी ऋण केबल घट्ट बसवावी आणि वरून व्हॅसलीनचा हात फिरवावा. हातमोजे आणि चष्मा हवाच, आणि जवळपास विडी-सिगारेट नको, कारण चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

झाकणाच्या बॅटरीत पाणी कमी झाले तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. नळाच्या पाण्यातले क्षार प्लेटांना बाधतात. ॲसिड वरून कधीच घालू नये. उडते ते पाणी, ॲसिड आतच असते. मेंटेनन्स-फ्री बॅटरीत पाण्याची कटकट नाही, पण चार्ज आणि स्वच्छ टर्मिनल तिलाही लागतात. महिनाभर गावाला जाणार असाल तर ऋण केबल काढून ठेवा. आठवड्याला पाच मिनिटे जागेवर इंजिन चालवून काही साधत नाही, पाऊण तासाची फेरी मारा.

नवी घेताना पेटीवरची बनवल्याची तारीख वाचा. दुकानात सहा महिने पडून राहिलेली बॅटरी नाकारा. वॉरंटी ‘२४ अधिक २४’ अशी असेल तर पहिल्या टप्प्यात बॅटरी बदलून मिळते, दुसऱ्यात वापराच्या प्रमाणात फक्त सूट मिळते. सिग्नलला इंजिन आपणहून बंद करणाऱ्या गाडीला साधी बॅटरी टाकून पैसे वाचवू नका. तिच्यासाठी बनलेली ईएफबी किंवा एजीएमच लागते. विजेवरच्या मोटारींनाही यातून सुटका नाही. त्यांतल्या बहुतेकींत बारा व्होल्टची छोटी बॅटरी असते. ती बसली, की पोटात शेकडो किलोमीटरची वीज असूनही गाडी जागची हलत नाही.

जुनी बॅटरी रस्त्याकडेच्या भंगारवाल्याला देऊ नका. उघड्यावर फोडलेल्या बॅटरीतले ॲसिड जमिनीत मुरते, शिसे वितळवताना निघणारा धूर आणि धूळ आसपासच्या मुलांच्या मेंदूला इजा करते. तेच शिसे योग्य कारखान्यात गेले तर नव्या बॅटरीत पुन्हा वापरले जाते. वापरलेल्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे आणि विक्रेता जुनीचे पैसे नवीच्या किमतीतून वळतेही करतो. तीन वर्षे पूर्ण झाली की दर पावसाळ्याआधी लोड टेस्ट करून घ्या आणि बॅटरी बदलताना जुनी त्याच दुकानात जमा करून पावती मागा.