ज्येष्ठेच्या शेजारी जन्मणारा तारा

मेअखेरीस मध्यरात्रीच्या सुमारास छत्रपती संभाजीनगरातून दक्षिणेकडे पाहिलं की क्षितिज आणि माथा यांच्या साधारण मध्यावर तांबूस ज्येष्ठा दिसते. तिच्या उत्तरेला जेमतेम दोन अंशांवर, भुजंगधारी तारकासमूहातल्या धुळीच्या ढगात, एक तारा जन्म घेतो आहे. आयआरएएस 16253–2429 हे त्याचं नाव. अंतर सुमारे 450 प्रकाशवर्षं.

असा तारा भोवतीच्या फिरत्या चकतीतला वायू ओढून वाढतो. पण फिरणारा वायू आपल्या भ्रमणाचा काही वाटा टाकल्याशिवाय आत पडत नाही. चुंबकीय क्षेत्राच्या जोरावर थोडा वायू चकतीच्या दोन्ही बाजूंना झोतासारखा उसळतो आणि तो वाटा घेऊन जातो. झोत मोजला, की ताऱ्याच्या वाढीचा अंदाज येतो.

दृश्य प्रकाश धुळीत अडकतो. अवरक्त किरण बरेचसे निसटतात. मात्र आपल्या हवेतली वाफ त्यांतले कित्येक गिळते आणि हवा स्वतःही अवरक्तात उजळते. म्हणून जेम्स वेब दुर्बीण 15 लाख किलोमीटर दूर ठेवली आहे. तिचं 'मिरी' उपकरण उणे 266 अंश सेल्सिअसपर्यंत थंड ठेवतात.

हे उपकरण चित्राच्या प्रत्येक ठिपक्याचा वर्णपट देतं. आयनीभूत लोहाची एक रेषा 5.34 मायक्रॉनवर येते. वायू आपल्याकडे येत असेल तर ती किंचित आखूड तरंगलांबीकडे सरकते, दूर जात असेल तर लांब तरंगलांबीकडे. सेकंदाला 100 किलोमीटर वेगाला हा फरक 0.002 मायक्रॉनहूनही कमी! सरकण्यावरून वेग कळतो, रेषांच्या तेजावरून वायूचं प्रमाण.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले (टीआयएफआर) मनोज पुरवंकरा ज्या आंतरराष्ट्रीय गटात आहेत, त्याने 2024 मध्ये या ताऱ्याचा निकाल प्रसिद्ध केला. लोह, निऑन, निकेलच्या रेषांत अवघ्या अडीच अंशांत पसरणारा सरळ झोत दिसला. रेणूंच्या रेषांत तो नव्हताच. वेग सेकंदाला सुमारे 170 किलोमीटर, म्हणजे संभाजीनगरहून मुंबई दोन सेकंदांत.

मला त्याहून मोलाचा वाटतो तो वाढीचा आकडा. सध्या हा तारा वर्षाला सूर्याच्या वस्तुमानाचा सुमारे अडीच अब्जांश भाग गोळा करतो. त्याचं आजचं वस्तुमान सूर्याच्या साधारण सातव्या भागाएवढं आहे. याच गतीने तिथवर यायला सहा कोटी वर्षं लागली असती, आणि हा तर अगदी कोवळा तारा. तेव्हा तो पूर्वी कधीतरी याहून कितीतरी झपाट्याने वाढला असला पाहिजे.