शोमरोनात फिलिप्पाने कोणता शास्त्रलेख वाचला?

पहिला ख्रिस्ती हुतात्मा स्तेफन याला दगडमार झाल्यावर यरुशलेममधील ख्रिस्ती पांगले. त्यांपैकी फिलिप्प शोमरोनात गेला. प्रेषितांची कृत्ये, अध्याय 8 मध्ये लूक सांगतो की लोकांनी त्याचे ऐकले, बाप्तिस्मा घेतला. पुढे याच अध्यायात फिलिप्प एका कूशी अधिकाऱ्याला यशयाचा उतारा उलगडून सांगतो. शोमरोनात मात्र त्याने कोणते वचन वापरले, यावर लूक गप्प आहे.

पाचच पुस्तके

शोमरोनी लोक मोशेची पाच पुस्तके तेवढी शास्त्र मानतात. यशया, स्तोत्रे, दावीदाचे राजघराणे यांचा दाखला तिथे चालत नाही. त्यांच्या प्रतीत दहा आज्ञांच्या अखेरीस गरिज्जीम डोंगरावर वेदी बांधण्याचा आदेश आहे. त्या डोंगरावरचे त्यांचे मंदिर यहूदी शासक योहान हिर्कानस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस पाडले. यहूदी-शोमरोनी वैर जुने होते, आणि ते नुसते पुस्तकी नव्हते.

उरतो तो मोशेच. ‘माझ्यासारखा संदेष्टा उभा राहील’ हे अनुवाद 18 मधले आश्वासन शोमरोनी प्रतीत निर्गमातही, दहा आज्ञांनंतर, घातलेले आहे. पेत्र आणि स्तेफन दोघेही भाषणात तेच वचन घेतात. फिलिप्पानेही तेच धरले असावे, असे मला वाटते; त्याच्या हाती दुसरे फारसे नव्हतेच.

स्तेफन शोमरोनी होता का?

त्याच भाषणात स्तेफन म्हणतो, बाप वारल्यावर अब्राहामाने हारान सोडले. यहूदी पाठात या बापाचे, तेरहाचे, आयुष्य 205 वर्षे. त्या हिशेबाने अब्राहाम निघाला तेव्हा बाप आणखी साठ वर्षे जगायचा होता. शोमरोनी पाठात ते 145, आणि गणित चोख जमते. शिवाय पूर्वजांची कबर स्तेफन शखेमात, म्हणजे गरिज्जीमच्या पायथ्याशी, सांगतो. यावरून काही अभ्यासकांनी त्याला शोमरोनी ठरवले. ही उडी लांबची आहे. मृत समुद्राकाठच्या कुमरानच्या गुहांतही निर्गमाचा शोमरोनी पाठाशी जुळणारा, विस्तारलेला पाठ सापडला; म्हणजे असे पाठ यहूदी वाचकांतही फिरत होते.

यरुशलेमचा शिक्का

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना शोमरोन्यांच्या गावात जाऊ नका असे बजावतो. कृत्यांच्या आरंभी तोच शोमरोनाचे नाव घेऊन साक्षीला पाठवतो. फिलिप्पाच्या शोमरोन्यांचा बाप्तिस्मा झाला तरी पवित्र आत्मा उतरला तो पेत्र-योहान यरुशलेमहून येऊन हात ठेवल्यावर. याच योहानाने पूर्वी एका शोमरोनी गावावर आकाशातून अग्नी पाडायची परवानगी मागितली होती!

शिमोन

शोमरोनातल्या शिमोन जादूगारानेही बाप्तिस्मा घेतला, मग हात ठेवून आत्मा देण्याचा अधिकार पैसे देऊन मागितला. पेत्राने त्याला झिडकारले, पण शिमोनाचे प्रस्थ तेवढ्याने संपले नाही. शखेमजवळच्या नेआपोलिसात जन्मलेला ख्रिस्ती लेखक जस्टिन सुमारे शतकभराने लिहितो की जवळजवळ सगळे शोमरोनी शिमोनाला देव मानतात. अतिशयोक्ती वजा केली, तरी फिलिप्पाची मोहीम तिथे फार खोल रुजली नव्हती, हे त्यावरून दिसते.