फायटरलाच गुरुत्वाकर्षण

पहिल्या पातळीचा जादूगार म्हणजे फुंकरीने उडेल असा जीव. १९७८च्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या भूमिका-खेळात त्याचे हिट पॉइंट (किती मार सोसेल याचे गुण) चार बाजूंच्या फाशावर ठरत. अंगावर चिलखत नाही, हातात फार तर खंजीर-काठीसारखं हत्यार, दिवसाला मंत्र एकच. तो वापरला की उरलेला दिवस लढवय्या फायटरच्या पाठीमागे काढायचा. घरचं मांजरही त्याला लोळवेल, हा खेळाडूंचा जुना विनोद.

पण हा दुबळेपणा हिशेबातला होता. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४मध्ये मूळ ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणला तेव्हा पात्रांचे वर्ग तीनच होते: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. चोर आला पुढच्या वर्षी, ‘ग्रेहॉक’ पुरवणीतून. दुसरी पातळी गाठायला फायटरला २,००० अनुभवगुण लागत, मॅजिक-यूजरला २,५००. त्याने आधी मार खायचा आणि जगला-वाचला तर पुढे आगीचे गोळे फेकायचे. पुढच्या नियमांत मंत्र म्हणताना घाव बसला तर मंत्रही वाया जाई. फायटर मात्र नवव्या पातळीला गढी बांधून पदरी सैन्य बाळगू शके. एकाकडे विद्या, दुसऱ्याकडे जहागीर!

खेळ वास्तवाला किती धरून असावा, हा वादही तेव्हापासूनचाच. शंभर फूट पडलं तर सहा बाजूंचे दहा फासे, म्हणजे सरासरी ३५ गुणांची इजा. नवव्या पातळीच्या फायटरकडे सरासरी पन्नासेक हिट पॉइंट. तो धूळ झटकून उठणार. गायगॅक्सने १९७९च्या ‘डन्जन मास्टर्स गाइड’मध्ये खुलासा केला की हिट पॉइंट म्हणजे नुसतं रक्तमांस नव्हे, कौशल्य, नशीब, दैवी कृपाही त्यात आली. हे उत्तर तलवारीच्या वाराला शोभतं, कड्यावरून कोसळताना जरा पोकळ वाटतं.

स्टीव्ह पेरिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७८च्या ‘रूनक्वेस्ट’ या दुसऱ्या खेळात वर्गच काढून टाकले. पेरिन मध्ययुगीन द्वंद्वयुद्धांचा हौशी खेळ स्वतः खेळलेला. त्याच्या खेळात हाताला, पायाला, डोक्याला वेगवेगळे हिट पॉइंट होते. एक नेमका वार बसला की कसलेला योद्धाही जायबंदी.

मूळ खेळाचा जुना हिशेब मोडला २०००च्या तिसऱ्या आवृत्तीने. अनुभवाचा तक्ता सर्वांना एकच झाला, विझर्डला, म्हणजे जुन्या मॅजिक-यूजरला, जपून मंत्र म्हणण्याची सोय मिळाली, फायटरची हक्काची गढी गेली. उधारी माफ, व्याज मात्र चालू! ‘नॉक’ मंत्राने कुलूप उघडू लागलं की चोराने करायचं काय?

२००८च्या चौथ्या आवृत्तीने सगळ्यांना एकाच साच्यात बसवलं: काही डाव हवे तेव्हा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. समतोल साधला, पण बोंबही झाली. फायटरच्या ‘कम अँड गेट इट’ या डावाने आसपासचे शत्रू त्याच्याकडे ओढले जात. धनुर्धारी स्वतःहून तलवारीसमोर का येईल, असं लोक विचारू लागले. प्रश्न रास्तच, पण तीच माणसं मंत्रातून फुटणाऱ्या आगीचा उगम विचारत नव्हती.

२०१४च्या पाचव्या आवृत्तीने विझर्डला एका वेळी एकाच मोठ्या मंत्रावर चित्त एकाग्र ठेवायला लावलं, पण किरकोळ मंत्र अमर्याद दिले. २०२४च्या सुधारित पुस्तकात फायटरला ‘वेपन मास्टरी’ मिळाली: युद्धहातोड्याचा घाव बसला की शत्रू दहा फूट मागे. त्याच पुस्तकात विझर्ड पाचव्या पातळीला उडू लागतो.