अंदमान की लक्षद्वीप? सोलापूरहून बेटावर जायचंय, तर आधी हे बघा

हा आपल्या भागाचा लिखित मजकूर. ऐकायला वेळ नाही, पण बसमध्ये वाचायला आहे, त्यांच्यासाठी.

आजचा प्रश्न सरळ आहे. समुद्र बघायला बेटावर जायचं, तर अंदमान की लक्षद्वीप? आमच्या घरात सध्या रोज रात्री जेवताना हाच विषय असतो. बाबा टॉवेलच्या कारखान्यातून यंदा रिटायर झाले. आई-बाबांनी आजवर समुद्र एकदाच पाहिलाय, गणपतीपुळ्याला. माझ्याकडे सात दिवसांची सुट्टी आहे आणि दोन वर्षं साठवलेले पैसे. असा खर्च परत लगेच जमणार नाही. म्हणून रील बघून नाही, नीट विचार करून ठरवायचं होतं.

दोन्ही बेटं मुळातच वेगळी

अंदमान म्हणजे समुद्रात बुडालेल्या डोंगररांगेचे वर राहिलेले माथे. म्यानमारमधल्या आराकान पर्वताचीच ती पुढची ओळ. त्यामुळे तिथे दाट जंगल आहे, चढउतार आहेत आणि बेटं मोठी आहेत.

लक्षद्वीप प्रवाळांनी बनलंय. सपाट, चिंचोळी बेटं. छत्तीस बेटं मिळून जमीन फक्त ३२ चौरस किलोमीटर. आपल्या सोलापूर महापालिकेच्या हद्दीत अख्खं लक्षद्वीप पाच वेळा बसेल! माणसांची वस्ती त्यातल्या दहाच बेटांवर.

पण या छोट्या बेटांची खरी श्रीमंती आहे लगून. बेटाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाळाची भिंत असते. मोठ्या लाटा तिथेच फुटतात आणि आतलं पाणी उथळ, शांत, काचेसारखं राहतं. त्या फिरोजी रंगाच्या फोटोंमागचं कारण हेच.

पोहोचायचं कसं?

अंदमानसाठी हैदराबाद किंवा चेन्नई गाठायचं आणि तिथून थेट विमान. हैदराबाद आपल्याला रस्त्याने साधारण तीनशे किलोमीटर. पोर्ट ब्लेअरचं नाव २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालंय, आणि हॅवलॉक, नील यांची नावं २०१८ पासून स्वराज द्वीप, शहीद द्वीप आहेत. बुकिंग करताना दोन्ही नावं दिसतात, गोंधळू नका. भारतीयांना या तिन्ही ठिकाणी परवाना लागत नाही. स्वराज द्वीपला खासगी फेरी दोनेक तासांत पोहोचवते.

लक्षद्वीपला मात्र भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. विमान उतरतं अगत्तीला. तिथली धावपट्टी जेमतेम १,२०० मीटरची, म्हणजे छोटीच विमानं. सीट कमी, म्हणून तिकिटं लवकर संपतात. ९ जून २०२५ पासून सोलापूर–गोवा विमान सुरू झालं, आणि तीच कंपनी गोव्याहून अगत्तीलाही विमान नेते. ऐकायला भारी वाटतं, पण दोन्ही फेऱ्यांचे दिवस जुळतात का, हे बुक करण्याआधी तपासाच.

दुसरा मार्ग कोचीहून जहाजाचा. बेटानुसार चौदा ते वीस तास. काही बेटांपाशी जहाज धक्क्याला लागतच नाही. भर समुद्रात हलत्या जहाजातून छोट्या बोटीत उतरावं लागतं. पंचविशीत याला थ्रिल म्हणतात. गुडघे दुखणाऱ्या आईसाठी हा थेट नकार आहे.

तिथे गेल्यावर दिवस कसा जातो?

लक्षद्वीपला पाण्यात राहायचं. स्नॉर्केलिंग, कयाक, स्कूबा, मग माशाचं जेवण आणि झोप. बंगारम सोडलं तर दारूबंदी आहे. गावात अंगभर कपडे घालायचे. मॉल, बाजार, 'पॉइंट' वगैरे नाही. पाण्यात न उतरणाऱ्या माणसाला तिसऱ्या दिवशी कंटाळा येऊ शकतो.

अंदमानात समुद्राशिवायही बरंच आहे. राधानगर बीच आहे, जंगल आहे आणि सेल्युलर जेल आहे. सावरकर १९११ ते १९२१ तिथे कैदेत होते. चार हुतात्मा चौकातून रोज कामाला गेलेल्या बाबांना त्या कोठड्यांसमोर उभं राहायचंय. त्यांच्यासाठी बीचपेक्षा ते मोठं आहे.

एक लक्षात ठेवा. घड्याळ तेच, पण अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला आहे. संध्याकाळी पाच-साडेपाचलाच सूर्य मावळतो. दिवस सकाळी सहाला सुरू केला नाही, तर अर्धी ट्रिप अंधारात जाते.

नेटवर्क आणि सीझन

समुद्राखालची केबल अंदमानला २०२० मध्ये पोहोचली, लक्षद्वीपला जानेवारी २०२४ मध्ये. तरी लहान बेटांवर यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रोख पैसे ठेवा. 'तिथून वर्क फ्रॉम होम करतो' असं मॅनेजरला सांगू नका बघा.

दोन्हीकडे डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला. अंदमानात मान्सून केरळच्याही आधी, मे महिन्यातच येतो. समुद्र खवळला की फेरी रद्द होते, म्हणून परतीच्या विमानाआधी एक रात्र श्री विजयपुरममध्येच काढा.

आणि प्रवाळ उचलून घरी आणायचे नाहीत, तो गुन्हा आहे. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी तापून लक्षद्वीपचे प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरे पडले. त्यांच्यावर पायसुद्धा देऊ नका.

मग ठरवायचं कसं?

'कुठला समुद्र जास्त सुंदर' हा प्रश्न सोडा. 'सोबत कोण आहे' हे विचारा. घरचे मोठे, लहान मुलं, मोजकी सुट्टी, शाकाहारी जेवण असेल तर अंदमान. दोन-चार मित्र, सगळ्यांना पाण्याची हौस, तारखा मागेपुढे करता येत असतील तर लक्षद्वीप. तिथे परवाना आणि तिकीट दोन्ही हातात आल्याशिवाय ऑफिसात सुट्टी टाकू नका.

आमचं ठरलं. फेब्रुवारीत आई-बाबांसोबत अंदमान. लक्षद्वीप थांबेल की, गुडघे थांबत नाहीत.

तुमच्या घरी कोण कोण येणार, ते आधी मोजा. मग नकाशा उघडा. भेटू पुढच्या भागात!