कुटुंबाचे अंदाजपत्रक आणि काटकसर
सिंहगड रस्त्यालगतच्या धायरीचा ग्रामपंचायतीकडील भाग २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाला आणि तेथील घरखर्चात ग्रामपंचायतीच्या घरपट्टीची जागा महापालिकेच्या मिळकतकराने घेतली. गृहकर्जाचा हप्ता, सोसायटीची देखभाल वर्गणी व शाळेची फी हे स्थिर खर्च, म्हणजे ज्यांची रक्कम आधीच ठरलेली असते असे खर्च होत. किराणा, पेट्रोल व बाहेरचे खाणे हे बदलते खर्च असून काटकसरीला वाव मुख्यतः तेथेच असतो. मिळकतकर, विमा व दिवाळी मिळून वर्षाला २४,००० रुपये लागतील असे धरल्यास त्यांसाठी दरमहा २,००० रुपये बाजूला ठेवणे, यालाच तरतूद म्हणतात. जमाखर्चाची वही घरातील सर्वांनी मिळून पाहिली, तर काटकसर हा चिक्कूपणा न ठरता विचारपूर्वक केलेली निवड ठरते.