एक तालुका, दोन जगं : मुळशीची लोकसंख्या नेमकी राहते कुठे?

'मुळशी पॅटर्न' हा २०१८ चा सिनेमा बहुतेकांनी पाहिलाय. पावसाळ्यात ताम्हिणीच्या धबधब्यांचे रील्सही रोज दिसतात. पण हा तालुका आहे तरी कसा?

मुळशी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेला आहे. तालुक्याचं मुख्यालय पौड. उत्तरेला मावळ, पूर्वेला हवेली, दक्षिणेला राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुका आणि पश्चिमेला सह्याद्री उतरला की रायगड जिल्हा. ताम्हिणी घाटातून रस्ता थेट कोकणात, माणगावकडे जातो.

पाऊस पश्चिमेला, माणसं पूर्वेला

ताम्हिणी परिसरात अनेक वर्षी ६ हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तासाभराच्या अंतरावरच्या पुणे शहरात बहुतेक वर्षी तो हजाराच्या आतच असतो. त्यामुळे पश्चिम मुळशीत भातखाचरं, जंगल आणि डोंगरउतारावर विखुरलेल्या लहान वाड्या दिसतात.

पूर्वेचं चित्र अगदी उलटं. हिंजवडी, माण, मारुंजी ही आयटीची गावं मुळशी तालुक्यातलीच. पिरंगुटला कारखाने आहेत. २००१ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे १ लाख २७ हजार होती. २०११ मध्ये ती १ लाख ७१ हजारांवर गेली. म्हणजे दहा वर्षांत जवळपास ३४ टक्के वाढ! ही वाढ मुख्यतः शहराला खेटून असलेल्या पट्ट्यातली.

धरणाखाली गेलेली गावं

मुळा नदीवरच्या मुळशी धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी घेतल्या जाऊ लागल्या, तेव्हा १९२१ मध्ये मुळशी सत्याग्रह सुरू झाला. नेतृत्व होतं पांडुरंग महादेव बापट यांचं. याच लढ्यामुळे ते 'सेनापती' झाले. तरीही धरण झालं आणि अनेक गावं पाण्याखाली गेली.

मुळा खरं तर पूर्वेला वाहते. तिचं पाणी मुठा, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला मिळतं. पण धरणात अडवलेलं पाणी बोगद्यातून पश्चिमेला वळवून कोकणातल्या भिरा इथल्या वीजकेंद्रावर सोडलं जातं. वीज मुंबईला, पाणी अरबी समुद्राकडे!

आता पुढे काय?

सूस, म्हाळुंगे, बावधन बुद्रुक ही मुळशीतली गावं २०२१ मध्ये पुणे महापालिकेत गेली. २०२१ ची जनगणना मात्र झालीच नाही. पुढच्या जनगणनेचा संदर्भ दिवस १ मार्च २०२७ आहे. तोवर अधिकृत आकडा २०११ चाच.

शाळा, दवाखाना, पाणी, रस्ते यांचं नियोजन लोकसंख्येवर ठरतं. जुन्या आकड्यात हिंजवडीची आजची गर्दी दिसत नाही. आणि सगळ्या तालुक्याची सरासरी काढली, की घाटमाथ्यावरची पंधरा-वीस घरांची वाडीही त्यात हरवून जाते. म्हणून मुळशीचा आकडा वाचताना एक प्रश्न नक्की विचारा : हा आकडा कुठल्या मुळशीचा?