जागा मिळाली, पण नोट्स वाचायच्या कशा?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार सरकारी व अनुदानित महाविद्यालयांत ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांसाठी किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. खरी अडचण प्रवेशानंतर सुरू होते. वर्गाच्या ग्रुपवर नोट्सचे फोटो येतात; अंध विद्यार्थ्याच्या स्क्रीन रीडरला ते नुसतं चित्र असतं. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधली मराठी फाईल तर तो असंबद्ध अक्षरं म्हणून वाचतो! तोच मजकूर युनिकोडमध्ये दिला, की मोफत मिळणारा एनव्हीडीए तो मराठीत वाचून दाखवतो. रॅम्पला निधी लागतो, मान्य. याला कुठला निधी? परीक्षेच्या तोंडावर लेखनिक शोधायला आपण धावतोच. मित्रहो, यंदा सत्राच्या पहिल्याच आठवड्यात अंध वर्गमित्राला विचारू या, कोणती फाईल वाचता येत नाही, आणि ती आपण टाइप करून देऊ या.